चेस्टरफील्डचा पिळलेला स्पायर: सैतान, ओलं लाकूड की शिसं?

मेघना_डर्बी:
नमस्कार मंडळी. डर्बीशायरमधल्या चेस्टरफील्डचं ते वाकडं चर्च कुणी जवळून बघितलंय का? सेंट मेरी अँड ऑल सेंट्स हे खरं नाव, पण इथे सगळे नुसतं क्रुकेड स्पायर, म्हणजे वाकडा सुळका, म्हणतात, गावच्या फुटबॉल क्लबलासुद्धा स्पायराइट्स असंच टोपणनाव आहे. चर्च बहुतेक 13व्या-14व्या शतकातलं, वरचा लाकडी स्पायर साधारण 1362चा. जमिनीपासून टोकापर्यंत 228 फूट, वरून शिशाचे पत्रे मढवलेले, आणि हा अख्खा सुळका पिळलेल्या धोतरासारखा 45 अंशांत फिरलाय, शिवाय टोक साडेनऊ फूट नैऋत्येकडे झुकलंय ते वेगळंच.

कारणं विचारली की सगळीकडे तीच चार मिळतात. लाकूड ओलं होतं, आतले तिरके टेकू कमी पडले, शिशाचं वजन झेपलं नाही आणि 1348-49च्या प्लेगमधे चांगले सुतार मेले. मला वाटतं ही चारही एका ओळीत मांडून ठेवली की पुढे कुणी विचारच करत नाही. यातलं नेमकं कुठलं कारण पटण्यासारखं आहे? सासरे पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत, पुढच्या महिन्यात इकडे येतायत आणि त्यांना घेऊन जायचंय, तेव्हा "असं म्हणतात" हे उत्तर त्यांच्यासमोर अजिबात चालणार नाही. आणि दोन तासांत आत काय बघावं तेही सांगा.

बाळ्या_शेफिल्डकर:
कारण सोप्पंय. या चर्चमधे एका कुमारिकेचं लग्न लागलं, स्पायरला इतकं आश्चर्य वाटलं की तो वळून बघायला लागला. पुन्हा तसं लग्न लागलं की सरळ होणार म्हणे. साडेसहाशे वर्षं वाट बघतोय बिचारा :)

नलूताई:
बाळ्या, ही गोष्ट इंग्लंडात प्रत्येक वाकड्या गोष्टीला चिकटवतात रे. त्यापेक्षा बोल्सोव्हरच्या लोहाराची चांगली आहे. सैतान त्याच्याकडे नाल ठोकून घ्यायला गेला, लोहाराने घाबरून किंवा मुद्दाम खिळा थेट खुरात ठोकला, आणि सैतान कळवळत उड्या मारत निघाला तो चेस्टरफील्डवरून जाताना त्याची लाथ स्पायरला बसली. दुसऱ्या एका गोष्टीत तो स्पायरला शेपटी गुंडाळून बसलेला असतो आणि खालून धुपाचा वास आल्यावर जोरात शिंकतो. मेघना, सासऱ्यांना हीसुद्धा सांग. लोकांनी ज्या इमारतीवर इतकी माया केली तिच्या गोष्टी बाजूला टाकायच्या नसतात.

सुतारपक्षी:
माझा धंदाच जुन्या लाकडी छपरांच्या दुरुस्तीचा आहे त्यामुळे जरा लांबण लावतो.

"ओलं लाकूड वापरलं म्हणून बिघडलं" हे वाक्य वाचलं की मला त्रास होतो. मध्ययुगात इंग्लंडमधे सगळेच सुतार ओक ओलाच वापरायचे, कारण वाळलेला ओक हातच्या हत्यारांना दाद देत नाही, पटाशी उडते. हजारो चर्च, कोठारं, घरं ओल्या ओकचीच आहेत आणि आजही सरळ उभी आहेत. त्या लोकांना पक्कं माहीत होतं की लाकूड वाळताना आकसणार आणि पिळणार, आणि सांधा त्या हिशेबानेच करायचे. एका तुळईला खाच, दुसरीला जीभ, आणि दोन्हीतून आरपार लाकडी खुंटी. यातली खुबी अशी की खुंटीची भोकं समोरासमोर पाडत नाहीत, जिभेतलं भोक मुद्दाम किंचित आत सरकवून पाडतात. म्हणजे खुंटी ठोकताना ती वाकडी होत आत शिरते आणि सांधा खेचून घट्ट धरते. पुढे लाकूड आकसलं तरी पकड सुटत नाही. जुना सांधा उघडला की ती किंचित वाकलेली खुंटी हातात येते, मला ती बघताना दरवेळी त्या सुताराबद्दल आदर वाटतो.

तर मग बिघडलं कुठे? टेकूंमधे. आठ बाजूंचा सुळका, प्रत्येक कोपऱ्यातून एक लांब वासा टोकाकडे जातोय, मधे आडव्या पट्ट्या. या चौकटींमधे कोनाकोनाने जाणारे तिरके दांडे पुरेसे नसतील तर त्या सांगाड्याला उभं वजन पेलता येतं पण फिरण्यापासून अडवणारं काहीच नसतं. वरून 33 टन शिसं बसलंय. वासे वाळताना आपापल्या परीने पिळतायत, सांधे थोडे थोडे सैल होतायत, आणि वजनाला खाली यायला सगळ्यात सोपा मार्ग कुठला, तर गोल फिरत खाली बसणं. म्हणून माझं उत्तर: लाकूड ओलं होतं हे सगळीकडेच होतं, टेकू कमी हे इथलं खास. आणि हो, हा सुळका खालच्या दगडी टॉवरला जखडलेला नाही, स्वतःच्या वजनावरच बसलाय.

मेघना_डर्बी:
@सुतारपक्षी, अगदी असंच उत्तर हवं होतं. खुंटीचं तर माहीतच नव्हतं, प्रिंट काढून ठेवते.

गणिती_गोम:
सुतारपक्षी यांचा प्रतिसाद आवडला पण शिशाला नुसतं "वजन" म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. शिसं तापलं की ओकपेक्षा कितीतरी जास्त पसरतं, आणि गार झाल्यावर पूर्ण जागेवर येत नाही, मऊ धातू आहे, स्वतःच्या वजनानेच हळूहळू खाली ओघळतो. जुन्या शिशाच्या छपरांवर पत्र्यांना सुरकुत्या आणि फुगवटे दिसतात ते यामुळेच. आता दक्षिण बाजूला दिवसभर ऊन, उत्तर बाजू कायम सावलीत. एका बाजूचा पत्रा रोज ताणतोय आणि दुसरीचा नाही, आणि हे शतकानुशतकं चालू आहे. झुकाव नैऋत्येला आहे, म्हणजे दुपारनंतरच्या उन्हाच्या बाजूला, हा योगायोग वाटतो का?

सुतारपक्षी:
@गणिती_गोम, उन्हाने झुकाव समजतो, पीळ कसा समजावणार? आणि उन्हाच्या बाजूचं लाकूड लवकर वाळून जास्त आकसतं, त्यामुळे नैऋत्येचा झुकाव शिशाशिवायही निघतो.

गणिती_गोम:
पत्रे तिरके बसवलेत ना, हेरिंगबोन म्हणजे माशाच्या काट्यासारख्या नक्षीत. तिरक्या पत्र्याचा ताणही तिरकाच जाणार.

सुतारपक्षी:
तिरके आहेत पण प्रत्येक बाजूवर डावीकडून आणि उजवीकडून असे दोन्हीकडून तिरके आहेत, मधे शिवण. एकाचा ताण दुसरा मारतो. त्या नक्षीमुळे डोळ्याला मात्र नक्की फसवलं जातं, सपाट बाजू मधून खोल गेल्यासारखी दिसते आणि पीळ आहे त्याहून जास्त वाटतो.

शर्वरी_इतिहास:
मला प्लेगच्या कारणाबद्दल बोलायचंय. प्लेगमधे इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली हे खरं, आणि 1361-62मधे दुसरी लाट आली, म्हणजे स्पायरच्या बांधकामाच्या आसपासच. त्यामुळे गोष्ट अगदी चपखल बसते. पण "कसबी सुतार उरलेच नाहीत" हे देशभरासाठी म्हणता येत नाही. 1390च्या दशकात ह्यू हरलंड नावाच्या सुताराने लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं छप्पर उभारलं, मधे एकही खांब न देता जवळजवळ 68 फुटांचा गाळा, आणि ते आजही आहे. ही विद्या त्याने कुणाकडून तरी घेतलीच असणार ना, म्हणजे मधल्या वर्षांत हाडाचे सुतार जिवंत होते. फक्त प्लेगनंतर मजुरी वाढली, चांगला माणूस राजाकडे आणि मोठ्या कॅथेड्रलांकडे खेचला गेला. डर्बीशायरच्या बाजारगावाला तो परवडला नसेल हे मी मानते. तेव्हा माझ्या मते प्लेगने कसब मारलं नाही, महाग केलं.

आणि शिसंच का, तर डर्बीशायर म्हणजे शिशाच्या खाणींचा मुलूख. वर्क्सवर्थच्या आसपास शतकानुशतकं खाणी चालू होत्या. जवळ जे पिकतं तेच छपरावर चढणार. दुसरीकडे लिंकनशायरात चांगला चुनखडी दगड, तिथे ग्रँथमचा आणि लाउथचा स्पायर दगडी. लाउथचा 1515मधे पूर्ण झाला, 287 फूट, सुईसारखा सरळ. दगडाला पिळायचं माहीतच नाही.

आवारातला_आंबा:
वाचतोय. मस्त चाललाय धागा.

फोंडेकर:
यूकेला आल्यापासून एक प्रश्न मनात आहे. आमच्या गावच्या इगर्जीत शिरलं की सोनेरी वेदी, संतांच्या मूर्ती, रंग, डोळे दिपतात. इंग्लंडमधली एवढी जुनी चर्च आतून इतकी रिकामी का? पांढऱ्या भिंती आणि दगड, बस. लोक गरीब होते का?

शर्वरी_इतिहास:
@फोंडेकर, गरीब नव्हते हो, उलट आतून भयंकर रंगीत होती ही चर्च. भिंतीवर चित्रं, खिडक्यांत रंगीत काचा, मूर्तींना रंग, आणि मधल्या कमानीत लाकडी जाळीदार पडदा, त्यावर क्रूसावरचा येशू, शेजारी मेरी आणि जॉन. ज्या कमानीसमोर लोक बसायचे, खरं म्हणजे उभे राहायचे कारण बाकडी बऱ्याच उशिरा आली, तिच्यावर अंतिम न्यायनिवाड्याचं चित्र असायचं, एका बाजूला स्वर्ग आणि दुसऱ्या बाजूला भुतं पाप्यांना ओढून नेतायत. वाचता न येणाऱ्या माणसाला प्रवचनात कंटाळा आला की वर बघायची सोय. मग आठवा हेन्री पोपपासून फुटला आणि त्याचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आल्यावर धडाका सुरू झाला, मूर्ती काढा, भिंतींना चुना मारा. 1547च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना करणारी चॅपल (छोटी प्रार्थनादालनं) आणि त्यांना पोसणाऱ्या संस्था बंद करून मालमत्ता राजाकडे गेली. चेस्टरफील्डलाही चान्सेलच्या, म्हणजे वेदीकडच्या भागाच्या, दोन्ही अंगांना चॅपल आहेत, गावातल्या गिल्डांनी म्हणजे संघांनी सांभाळलेली. मला तिथे गेल्यावर स्पायरपेक्षा तीच जास्त बोलकी वाटली. दुकानदार, कारागीर यांनी वर्गणी काढून आपल्या सभासदांच्या आत्म्यासाठी मेणबत्त्या तेवत ठेवल्या होत्या आणि एका कायद्याने ते सगळं विझलं, याचं वाईट वाटतं.

काकदृष्टी:
मूर्तिभंजनावरून आठवलं. सफोकमधे ब्लाइदबरा नावाच्या इवल्याशा गावात प्रचंड चर्च आहे, छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत. त्यांच्यात बंदुकीचे छर्रे रुतलेले आहेत. कित्येक वर्षं सगळे सांगायचे की 1644मधे विल्यम डाउझिंग नावाचा प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा) मूर्तिभंजक आला होता त्याच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. डाउझिंग तिथे आला होता हे खरंच आहे. पण दुरुस्तीच्या वेळी छर्रे तपासले तर ते 18व्या शतकातले निघाले, आणि चर्चच्या हिशेबवहीत 1761ची नोंद आहे, छतात शिरलेले कावळ्याच्या जातीचे पक्षी मारण्यासाठी पैसे दिल्याची! म्हणून मला हिशेबवह्या फार आवडतात. मेघना, तुझ्या चार कारणांचंही असंच व्हायला हवं.

नलूताई:
@काकदृष्टी त्याच ब्लाइदबराच्या दारावर काळ्या कुत्र्याच्या पंजाच्या जळक्या खुणा आहेत ते नाही सांगितलंस. 1577च्या वादळात चर्चमधे शिरलेला भुताचा कुत्रा. त्याची नोंद कुठल्या वहीत शोधणार?

काकदृष्टी:
वीज पडली होती ताई, वहीत काय शोधायचं :) पण गोष्ट भारी आहे हे मान्य.

नॉटिंगहॅमवासी:
थोडं अवांतर पण कामाचं. इथे घर घेताना वकिलाने "चान्सेल रिपेअर" नावाची एक चौकशी लावली आणि मला वाटलं फी वाढवायचा धंदा. मग वाचलं. मध्ययुगीन चर्चमधे पूर्वेकडचा चान्सेल, जिथे वेदी असते, त्याची दुरुस्ती रेक्टरने, म्हणजे चर्चचं उत्पन्न ज्याला मिळायचं त्याने, करायची आणि लोकांच्या बाजूच्या मोठ्या दालनाची गावाने, अशी वाटणी होती. पुष्कळ ठिकाणी रेक्टर म्हणजे एखादा मठ असायचा, त्याला गावाच्या पिकाचा दहावा हिस्सा मिळायचा म्हणून जबाबदारीही त्याची. हेन्रीने मठ बरखास्त केले, जमिनी विकल्या, आणि जमिनीबरोबर चान्सेल दुरुस्तीची जबाबदारीही विकली गेली! ती आजही काही जमिनींना चिकटलेली आहे. वॉरिकशायरमधल्या अॅस्टन कॅन्टलो गावचा खटला 2003मधे थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि शेतजमिनीच्या मालकांच्या विरोधात निकाल लागला. ऑक्टोबर 2013पासून नियम बदललाय, जबाबदारी नोंदवलेली नसेल तर नवीन खरेदीदाराला सहसा धरता येत नाही. तरी घर घेणाऱ्यांनी वकिलाला एकदा विचारा.

शर्वरी_इतिहास:
उत्तम माहिती. चेस्टरफील्डपुरतं सांगायचं तर तिथलं उत्पन्न मध्ययुगात लिंकन कॅथेड्रलच्या डीनकडे, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूकडे, जायचं. म्हणजे गावकऱ्यांनी घाम गाळायचा आणि हिस्सा कितीतरी मैल दूर. तरी त्यांनी हे एवढं मोठं चर्च उभं केलं.

कोथरूडचा_कट्टा:
एक शंका. एवढ्या जड घंटा वाजवून वाजवून तर वरचा सुळका फिरला नसेल? इंग्लिश घंटा नुसत्या टोल देत नाहीत, चाकाला बांधून पूर्ण गोल फिरवतात. आपल्या पुण्यात पंचहौदच्या चर्चला आहेत तशा आठ घंटा, इंग्लंडातल्या लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या. तेच पंचहौद मिशन, जिथे 1890मधे टिळक-रानड्यांनी चहा घेतला आणि नंतर प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं.

गणिती_गोम:
@कोथरूडचा_कट्टा, घंटा खालच्या दगडी टॉवरात आहेत, धक्का आडवा बसतो, तो टॉवरला हलवेल पण वरच्या लाकडाला एकाच दिशेने पीळ देणार नाही. शिवाय पूर्ण गोल फिरवून क्रम बदलत वाजवायची पद्धत 17व्या शतकातली. पण ती पद्धत ऐकाच एकदा. आठ घंटांचे 40,320 वेगवेगळे क्रम होतात आणि ही माणसं कागद न बघता तासन् तास क्रम बदलत दोर ओढतात. गणित ऐकू येतं अक्षरशः.

रुळावरचा:
चेस्टरफील्ड म्हटल्यावर जॉर्ज स्टीफन्सनला विसरू नका. रेल्वेचा तो स्टीफन्सन शेवटची वर्षं तिथल्या टॅप्टन हाउसमधे राहिला, 1848मधे वारला आणि गावातल्याच होली ट्रिनिटी चर्चमधे त्याला पुरलंय. त्याचा मुलगा रॉबर्ट आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार होता, आणि बोरघाटाची रेल्वे आखणारा जेम्स बर्कले हा रॉबर्टच्याच हाताखाली तयार झालेला. पीडब्ल्यूडीवाल्या सासऱ्यांना तिथे नक्की न्या, थोडंच चालावं लागतं.

मेघना_डर्बी:
@रुळावरचा अरे वा, हे त्यांना स्पायरपेक्षा जास्त आवडेल. त्यांची नोकरीची सुरुवातच खंडाळ्याला झाली होती.

सगळ्यांचं वाचून माझं असं झालंय: मूळ दोष टेकूंचा, त्याला ओल्या लाकडाने आणि शिशाने ढकललं, झुकावाची दिशा उन्हाने ठरवली असावी, आणि प्लेग हा थेट कारण नसून "चांगला सुतार का नाही मिळाला" याचं उत्तर. बरोबर?

सुतारपक्षी:
मला मान्य. एकच पुरवणी. हा एकटा नाही. श्रॉपशरमधे क्लिओबरी मॉर्टिमरचा लाकडी स्पायर पिळलाय, डेव्हनमधे बार्नस्टेपलचा, शिवाय फ्रान्समधे कितीतरी. युरोपात मिळून शंभराच्या घरात पिळलेले स्पायर मोजले जातात. सगळ्या गावांत प्लेगने नेमके सुतारच मेले नव्हते. लाकडाचा सांगाडा, वर जड किंवा ताठ आवरण, आणि अपुरे टेकू, हे एकत्र आलं की असं होऊ शकतं. चेस्टरफील्डचा इतका फिरलाय आणि तरी पडला नाही याचं श्रेयही त्याच सुतारांच्या सांध्यांना आहे.

गणिती_गोम:
मी शिशाला अजून थोडे गुण देईन, पण ठीक.

दर्यावर्दी:
1961च्या आगीबद्दल कुणीच लिहिलं नाही. डिसेंबरमधे उत्तरेच्या ट्रान्सेप्टमधे, म्हणजे चर्चच्या आडव्या बाहूत, आग लागली, स्नेट्झलर नावाच्या कारागिराने बनवलेला 18व्या शतकातला ऑर्गन गेला. आग वर चढली असती तर कोरडा ओक आणि वितळणारं शिसं, विचार करा. अग्निशमन दलाने स्पायर वाचवला. आज जो ऑर्गन आहे तो ग्लासगोच्या सिटी हॉलमधून आणलेला, 1905चा.

शेफालिका:
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला की, दोन तासांत काय बघायचं. मी चेस्टरफील्डमधेच राहते म्हणून सांगते. टॉवरवर जायच्या टूर असतात पण रोज नसतात, आधी फोन करून विचारा. जिना दगडी, गोल आणि फार अरुंद आहे, सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर आग्रह करू नका. जमत असेल तर मात्र नक्की जा, कारण वर शिशाच्या अगदी जवळ उभं राहता येतं आणि पत्र्यांच्या शिवणी, फुगवटे सगळं समोर दिसतं. आत लेडी चॅपलमधल्या (मेरीच्या चॅपलमधल्या) फोल्जॅम्ब घराण्याच्या 16व्या शतकातल्या कबरी बघा, अलाबास्टर या मऊ पांढरट दगडाचं कोरीवकाम आहे, त्यातली एक गुडघे टेकून बसलेली मूर्ती आहे तिच्यासमोर जरा थांबा. आणि बाहेरून बघताना एका जागी उभं राहून फोटो काढून परत फिरू नका. झुकाव नैऋत्येला असल्यामुळे नैऋत्य किंवा ईशान्येकडून बघितलं तर पीळ दिसतो पण झुकाव कळतच नाही. आग्नेयेकडून बघा, मग टोक किती बाहेर गेलंय ते दिसतं. चर्चला पूर्ण फेरी मारायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि गुरुवारी जाणार असाल तर बाजारात जुन्या वस्तूंचे स्टॉलही असतात.

मेघना_डर्बी:
@शेफालिका, मग गुरुवारच ठरवते. टूरसाठी उद्याच फोन करते.